भिडेपोटी

दोन वर्षांपूर्वी एका रविवारी सकाळी बंगळुरूच्या दक्षिण भागातील एका लहानशा सभागृहात पंचवीस-तीस मराठी माणसांपुढे एक लघुपट दाखविण्यात आला. लांबी बावीस मिनिटे. करणारा आमच्या एका सहकाऱ्याचा मुलगा. संगणकाच्या कंपनीतून बिनपगारी रजा घेऊन आणि शिल्लक टाकलेले पैसे घालून त्याने तो पुरा केला होता. कथा थोडक्यात अशी: बेळगावहून मुलाकडे राहावयास आलेले एक निवृत्त पोस्टमन कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी बसवनगुडीच्या नंदीच्या देवळापाशी भरणाऱ्या शेंगांच्या जत्रेला, म्हणजे कडलेकाई परिषेला, एकटेच जातात आणि गर्दीत वाट चुकतात. लघुपट संपला, दिवे लागले, आणि उपस्थितांत वयाने मोठे म्हणून आम्हांस 'दोन शब्द' बोलण्यास सांगण्यात आले. आम्ही उठलो आणि म्हणालो, "फारच छान. पहिल्याच प्रयत्नात एवढं साधलं, हे कौतुकास्पद आहे." टाळ्या झाल्या. नंतर उपमा आणि कॉफी.

वस्तुतः आम्हांस काय वाटले होते? पहिली सतरा मिनिटे आम्ही अगदी गुंगून गेलो होतो. शेंगांचे ढीग, माप भरणारे हात, टरफले सोलणारी म्हाताऱ्याची बोटे, आणि आपण वाट चुकलो हे कळल्यावरही शेंगा खाणे न थांबविणारा त्याचा चेहरा. पुढे मुलगा वडिलांस शोधून काढतो. आणि तेथून शेवटपर्यंत पडद्यावर काहीही घडत नाही. मुलाचा आवाज मात्र आपल्याशी बोलत राहतो. मुळापासून तुटणे म्हणजे काय, शहर माणसाला कसे गिळते, वगैरे. त्या चेहऱ्याने जे न बोलता सांगितले होते ते सारे त्या आवाजाने बोलून पुसून टाकले. आमच्या शेजारी बसलेल्या गृहस्थांसही हेच वाटले असावे, कारण त्या पाच मिनिटांत आम्ही दोघांनी एकमेकांकडे एकदा पाहिले होते. उपमा खाताना मात्र त्यांनीही 'छान' म्हटले.

आम्ही खोटे का बोललो? या प्रश्नास आपल्या भाषेत एक शब्दाचे उत्तर आहे: भीड. भीड म्हणजे भीती नव्हे. तो मुलगा आमचे काय वाकडे करणार होता? ती दांभिकताही नव्हे, कारण त्याचे बरे व्हावे असे आम्हांस मनापासून वाटत होते. भीड ही आपुलकीच्याच घरची. फरक इतकाच की आपुलकी दुसऱ्याची काळजी वाहते आणि भीड त्या दुसऱ्यापुढे आपण कसे दिसू याची. परप्रांती नोकरीनिमित्त राहणाऱ्या आपल्यासारख्यांत तर ती दुप्पट होते. पुण्यामुंबईत एखाद्याच्या नाटकास नावे ठेवली तर तो गृहस्थ पुन्हा वर्षभर भेटणार नाही. येथे तोच माणूस गणेशोत्सवात आरतीला शेजारी उभा असतो, संक्रांतीला त्याच्याच घरी तिळगूळ घ्यावयाचा असतो आणि बदलीची वार्ता प्रथम त्याच्याकडूनच कळावयाची असते. माणसे थोडी, म्हणून प्रत्येक माणूस मोलाचा; आणि माणूस मोलाचा, म्हणून त्यास खरे सांगणे महाग. भीड ही भिकेची बहीण, असे आपण म्हणतो. या म्हणीत जो भीड धरतो तोच भिकेला लागतो. आमच्या बाबतीत भीड आम्ही धरली आणि खर्च दुसऱ्याचा झाला. म्हणीने हा प्रकार विचारात घेतलेला दिसत नाही.

कचेरीत आयुष्य काढलेल्या वाचकांस एक खटला आठवत असेल. सीमा सडक अभियांत्रिकी सेवेतील देव दत्त नावाच्या अधिकाऱ्यास १९९३-९४ या वर्षाच्या गोपनीय अहवालात 'चांगला' असा शेरा मिळाला होता. बढतीसाठी सलग पाच वर्षे 'अति चांगला' असावयास हवे होते. शेरा प्रतिकूल नव्हता, म्हणून तो त्यांस कळविण्यात आला नाही. आणि तो 'चांगला' होता, म्हणूनच त्यांची बढती हुकली. सर्वोच्च न्यायालयाने १२ मे २००८ रोजी निर्णय दिला की शेरा कोणताही असो, तो संबंधितास कळविलाच पाहिजे. शब्द कोणता वापरला यापेक्षा त्याचा परिणाम काय झाला हे पाहावयाचे. तोवर देव दत्त निवृत्त झाले होते. पुढच्याच वर्षापासून केंद्र शासनात संपूर्ण अहवाल दाखविण्याचा नियम आला. तेव्हापासून अहवाल लिहिताना कित्येक वरिष्ठांची लेखणी कशी जपून चालते आणि साऱ्या कचेरीत 'उत्कृष्ट' माणसांची कशी गर्दी होते, हे आपण पाहतच आहोत. पूर्वी खरे लिहीत आणि दाखवीत नसत. आता दाखवितात, म्हणून खरे लिहीत नाहीत. हे आम्ही तक्रारीच्या सुरात म्हणत नाही. तो निर्णय न्याय्यच होता. परंतु त्या सभागृहात उच्चारलेला आमचा 'छान' आणि त्या अहवालातला 'चांगला' हे सख्खे भाऊ आहेत, हे आम्हांस बरेच उशिरा उमगले.

वर्षभराने तो मुलगा घरी आला. बसला, पाणी प्याला. मधल्या काळात त्याने रजा वाढवून घेतली होती आणि प्रत्येक ठिकाणी प्रवेशशुल्क भरून लघुपट अकरा महोत्सवांस पाठविला होता. कोठेही निवड झाली नाही. दहा ठिकाणांहून छापील नकार आले. अकराव्या ठिकाणी निवड समितीवरील कोणा अनोळखी गृहस्थाने एक ओळ लिहून कळविली होती की शेवटची पाच मिनिटे कापली असती तर विचार केला असता. तो म्हणाला, "काका, खरं सांगा. तुम्हांला हे तेव्हाच जाणवलं होतं ना?" आम्ही होय म्हणालो. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "ज्यानं मला कधी पाहिलंही नाही त्यानं सांगितलं. तुम्ही सगळे तर तिथेच होता."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर आम्हांस सोपे गेले असते. विशेष लागले ते असे की ते पार्श्वनिवेदन काढून टाकणे हे त्याच्या घरच्या संगणकावर एका संध्याकाळचे काम होते. चित्रपटाच्या बाबतीत हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे, आणि कवितेवर किंवा लेखावर अभिप्राय देण्याची सवय असलेली माणसे तो सहसा विसरतात. कवितेची ओळ रात्री बदलता येते. चित्रपटात जत्रा वर्षातून एकदाच येते, नटाने दाढी काढलेली असते, घर भाड्याचे असते ते परत दिलेले असते. काही दोष चित्रण संपताच दगडावरच्या रेघा होतात. काही दोष, म्हणजे दृश्यांची लांबी, त्यांचा क्रम, आवाज, संगीत, हे संकलनाच्या टेबलावर अखेरच्या दिवसापर्यंत मिटविता येतात. त्या मुलाच्या लघुपटातील पोस्टमन जर वाईट नट असता, तर ते त्या रविवारी सांगून आम्ही केवळ दुखावले असते. पण जो दोष हात पुरेल इतक्या जवळ होता तोच आम्ही झाकून ठेवला. खरे सांगावे की नाही हा प्रश्न आम्ही आयुष्यभर विचारीत आलो. या माणसास आता काय बदलता येण्याजोगे आहे, हा प्रश्न आम्ही एकदाही विचारला नव्हता.

यासंबंधात आम्हांस 'पथेर पांचाली'ची हकीकत नेहमी आठवते. सत्यजित राय यांनी १९५२ मध्ये चित्रण सुरू केले, आणि पैशांअभावी ते रखडत रखडत १९५५ पर्यंत चालले. काशफुलांच्या शेतातले पहिले दृश्य अर्धे टिपून आठवड्याने परत यावे तो गुरांनी सारी फुले खाऊन टाकलेली. उरलेले दृश्य टिपण्यास पुढच्या मोसमाची वाट पाहावी लागली. अशा अवस्थेत १९५४ मध्ये अमेरिकन दिग्दर्शक जॉन ह्यूस्टन कलकत्त्यास आले असता न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाच्या वतीने त्यांनी या चित्रपटाचे काही तुकडे पाहिले. त्यांना आवाज नव्हता, संकलन कच्चे होते. ह्यूस्टन यांनी काय केले? काम प्रामाणिक आणि उत्तम आहे असे सांगितले; आणि त्याबरोबरच एक इशारा दिला, की पात्रे नुसती हिंडताना फार वेळ दाखवू नका, काही घडावे म्हणून थांबता थांबता प्रेक्षक अस्वस्थ होतात. एवढेच. मग त्यांनी न्यूयॉर्कला अनुकूल अभिप्राय कळविला, आणि मे १९५५ मध्ये चित्रपट प्रथम तेथेच दाखविला गेला.

या छोट्याशा प्रसंगात किती गोष्टी आल्या पाहा. अभिप्राय आला तो काम हातात असताना. तो एका नेमक्या दोषाविषयी होता. तो देणाऱ्याने स्वतः असली कामे केली होती. आणि आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट अशी की, दोष दाखविल्यावर ह्यूस्टन निघून गेले नाहीत. आपले नाव त्यांनी त्या अपुऱ्या चित्रपटामागे उभे केले. दोष दाखविणारा दोष दाखवून झाल्यावर कोणत्या बाजूस उभा राहतो, यावरून ऐकणाऱ्यास त्याचे सारे बोलणे कळते. राय यांनी तो सल्ला पुरता मानला असे मात्र दिसत नाही. 'पथेर पांचाली' आजही सावकाश चालणाराच चित्रपट आहे, आणि आमच्यासारख्यांस तो तसाच आवडतो.

याच राय यांनी पुढे टीकाकाराची लेखणी हाती घेतली तेव्हाचे चित्र निराळे दिसते. मृणाल सेन यांचा 'भुवन शोम' १९६९ मध्ये आला. कडक शिस्तीचा, एकाकी असा रेल्वे अधिकारी सौराष्ट्रात शिकारीस जातो आणि तेथे गौरी नावाची खेडवळ मुलगी (सुहासिनी मुळे यांनी ती भूमिका केली होती) त्याच्या करडेपणास तडा देते, अशी ती कथा. नव्या लाटेच्या चित्रपटांवर १९७१ मध्ये लिहिताना राय यांनी तिचे सार सात इंग्रजी शब्दांत सांगून वासलात लावली: कठोर नोकरशहा सुधारला, अशा अर्थाची. वाक्य इतके चटकदार होते की चित्रपट न पाहिलेल्यांनाही ते तोंडपाठ झाले. सेन यांचे म्हणणे मात्र असे की, आपणास तो अधिकारी सुधारावयाचा नव्हताच, बिघडवावयाचा होता. आणि चित्रपट नीट पाहिला तर ते पटते. लाच खाल्ल्याबद्दल ज्या तिकीट तपासनीसावर कारवाई व्हावयाची, तो गौरीचा माणूस निघतो. आणि शोमसाहेब त्यास सोडून देतात इतकेच नव्हे तर मोठ्या स्थानकावर बदली देतात, जेथे वरकमाई अधिक! कचेरीत वावरलेल्या कोणाही वाचकास यात सुधारणा दिसेल असे वाटत नाही.

राय अप्रामाणिक होते असे कोण म्हणेल? पण प्रामाणिक असणे आणि बरोबर असणे या दोन गोष्टी आहेत, आणि आपण स्पष्टवक्ते आहोत याचा ज्यास अभिमान असतो त्याच्या हातून हा भेद नेमका सुटतो. करणाऱ्यास काय साधावयाचे होते हे विचारण्यापूर्वीच जो निकाल देतो, तो दुसऱ्याच कोणत्या तरी चित्रपटावर निकाल देत असतो. खुद्द राय यांनाही याचा अनुभव होता. १९५८ मध्ये 'पथेर पांचाली' न्यूयॉर्कच्या चित्रपटगृहांत लागला तेव्हा तेथील एका मोठ्या दैनिकाच्या समीक्षकाने तो इतका सैल ठरविला की हॉलिवुडात असले काम कच्चे संकलन म्हणूनही जेमतेम खपले असते. तो समीक्षकही प्रामाणिकच होता. प्रेक्षकांनी त्याचे ऐकले नाही आणि चित्रपट महिनोन् महिने चालला.

आमच्या बंगळुरूत चित्रपटाविषयी गंभीरपणे बोलण्याची परंपरा चांगलीच जुनी आहे. बनशंकरीच्या सुचित्रा फिल्म सोसायटीची स्थापना १९७१ ची. त्याच्या आदल्याच वर्षी 'संस्कार' तयार झाला होता. यू. आर. अनंतमूर्ती यांची कादंबरी, पट्टाभिराम रेड्डी यांचे दिग्दर्शन, गिरीश कार्नाड यांची पटकथा आणि मुख्य भूमिका. मद्रासच्या सेन्सॉरने तो प्रथम नाकारला. नंतर बंदी उठली आणि त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्यास मिळाला. सेन्सॉरचा अधिकारी हा आपल्याच बिरादरीतला, म्हणून त्याच्याविषयी जपून बोलतो. पण त्याची काळजी लोकांनी काय पाहू नये याची असते, आणि टीकाकाराची काळजी अजून काय दिसावयास हवे होते याची असावयास हवी. दोघेही कातरी मागतात खरे. कशासाठी मागतात हे पाहावे.

फिल्म सोसायटीच्या सभासदांत एक गंमत आम्ही पुष्कळदा पाहिली आहे. बर्गमन किंवा कुरोसावा यांच्या चित्रपटानंतर जो तो सिंहासारखा बोलतो: येथे लय तुटली, तेथे प्रतीक बटबटीत झाले. दुसऱ्या आठवड्यात गावातल्याच एखाद्या तरुणाचा लघुपट असला आणि तो तरुण समोर खुर्चीवर बसलेला असला, की त्याच सिंहांची मांजरे होतात. आम्हीही त्यांतलेच एक. यावर उपाय कोठे सापडला असेल तर तो चित्रपट शिकविणाऱ्या संस्थांत. पुण्यास प्रभात कंपनीच्या आवारात १९६० साली जी संस्था सुरू झाली, तेथूनच आपले गिरीश कासरवळ्ळी शिकून आले आणि १९७७ मध्ये 'घटश्राद्ध' घेऊन उभे राहिले. असल्या संस्थेत विद्यार्थ्याचे काम गुरूंपुढे आणि सोबत्यांपुढे लावले जाते आणि चिरले जाते. तेथील मुले आपल्यापेक्षा अधिक सत्यनिष्ठ असतात असे नव्हे. आज त्याचा लघुपट, उद्या माझा. प्रत्येकास त्या खुर्चीत पाळीपाळीने बसावयाचे असते, म्हणून बोलणाराही तोलून बोलतो आणि ऐकणाराही सोसतो. आमच्या सभागृहात त्या रविवारी काही पणास लावलेला माणूस एकच होता. बाकीचे आम्ही सारे पाहुणे.

ऐकून घेण्याविषयीही थोडे लिहिले पाहिजे, कारण त्या बाबतीतही आमचा इतिहास उज्ज्वल नाही. येथील एका मेळाव्यात आम्ही एक निबंध वाचला होता. एका जुन्या स्नेह्याने परत जाताना रिक्षात सांगितले की निबंध अर्धा असता तर दुप्पट परिणाम झाला असता. आम्ही हसून मान डोलाविली आणि पुढे चार महिने त्यांच्याकडे गेलो नाही. निमित्ते सांगितली, प्रकृतीची, लेखापरीक्षणाची. नंतर तो निबंध छापावयास देताना काढून पाहिला. पहिली आठ पाने खरोखरच काढून टाकता आली. ते त्यांस सांगावे असे फार वाटले. अद्याप सांगितलेले नाही. निंदकास शेजारी राहावयास घर द्यावे असा संतांचा उपदेश आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण तो निंदक आपले मळ धुतो म्हणून उपयोगाचा, एवढेच त्यात आहे. आमचे स्नेही निंदक नव्हते. त्यांनी आमची आठ पाने लक्षपूर्वक ऐकली होती, आणि कंटाळा आला असतानाही ऐकली होती. निंदक इतके कष्ट घेत नाही.

त्या मुलाने शेवटी पार्श्वनिवेदन काढले. लघुपट सतरा मिनिटांचा झाला. महोत्सवांच्या मुदती उलटून गेल्या होत्या. तो त्याने पुन्हा कोठे पाठविला नाही. नोकरीवर तो परत रुजू झाला. आम्ही समजलो की प्रकरण मिटले, आणि आमच्या मनास त्याची टोचणी राहील तेवढी राहील.

गेल्या महिन्यात तो पुन्हा आला, हातात लॅपटॉप. नवा लघुपट आहे. चित्रण सुट्ट्यांच्या दिवशी केलेले, संकलन अर्धेच झालेले, काही ठिकाणी आवाजच नाही. "काका, पूर्ण झालेला नाही, म्हणूनच आणलाय," तो म्हणाला. आम्ही एकदा पाहिला. मग त्यास सांगितले की आज काही बोलणार नाही, ठेवून जा. रात्री पुन्हा पाहिला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चष्मा पुसून तिसऱ्यांदा. रविवारी तो आल्यावर प्रथम विचारले, "तुला यात काय दाखवायचं होतं?" तो वीस मिनिटे बोलला. त्याच्या बोलण्यातून कळले की आम्ही मनाशी जो सर्वांत मोठा दोष धरला होता तो दोष नव्हताच. त्यास तेच हवे होते. उरला एक. मधल्या भागात बसथांब्यावरील बाईंचे एक दृश्य आहे, सुमारे दोन मिनिटांचे, देखणे, संध्याकाळच्या उजेडातले. ते तेथे नको, असे आम्ही म्हणालो, आणि का नको तेही सांगितले. आमचा आवाज थोडा कापला, हे लपवीत नाही.

तो वाद घालू लागला. ते दृश्य टिपण्यास तीन शनिवार लागले होते, त्या बाई दुसरीकडे राहावयास गेल्या आहेत, तो उजेड पुन्हा मिळावयाचा नाही. आम्ही आमचे म्हणणे सोडले नाही, त्यानेही त्याचे सोडले नाही. आतून चहा आला तो निवून गेला. शेवटी त्याने लॅपटॉप मिटला आणि म्हणाला, "मी ते काढणार नाही, काका. पण पुढच्या रविवारी आवाज घालून आणतो. तेव्हा पुन्हा सांगा."